भोपळ्याशिवाय तंबोरा

तंबोरा एसटीत चढवायचा तर आधी कंडक्टरशी बोलून घ्यावं लागतं. पाच फुटांच्या आसपासचं वाद्य. खाली पन्नास-पंचावन्न इंच घेराचा भोपळा, वर पोकळ दांडी, आणि दोन्ही जिथं जुळतात तो गळा सगळ्यात नाजूक. डोक्यावरच्या फळीवर ते मावत नाही. दोन बाकांच्या मध्ये आडवं ठेवलं तर कुणाचा पाय लागेल याची धास्ती, मांडीवर उभं धरलं तर शेजारच्याची जागा जाते. सामान डिकीत टाकायला सांगतात, पण भूम-परंड्याकडचे रस्ते ज्याला ठाऊक आहेत तो डिकीत भोपळा ठेवणार नाही. भोपळा एकदा तडकला की जोडता येतो, वाजवताही येतो, पण पहिल्यासारखा बोलत नाही.

म्हणून धाराशिव जिल्ह्यात गाणं शिकणाऱ्या मुलामुलींचा तंबोरा बहुतेक वेळा क्लासमध्येच राहतो. आठवड्यातून दोनदा मुलगी कळंबहून किंवा तुळजापूरहून येते, गुरुजींच्या खोलीत तासभर तंबोऱ्याजवळ बसते आणि परत जाते. उरलेले पाच दिवस तिचा रियाज मोबाइलमधल्या तानपुऱ्यावर किंवा पेटीवर चालतो. प्रवेशिका, मध्यमा, अगदी विशारदपर्यंतच्या परीक्षा अशाच दिल्या जातात. मुलं सुरात गातातही. पण तंबोरा हातात दिला आणि ‘लाव’ म्हटलं की हात थांबतो.

या अडचणीवर एक जुनाच पण दुर्लक्षित उपाय मिरजेत होत आला आहे: भोपळा काढून टाकलेला, चपट्या लाकडी पेटीचा, पिशवीत घालून खांद्याला लावता येईल असा प्रवासी तंबोरा. मोठ्या वाद्याची ही लहान आवृत्ती आहे, आणि तिच्याकडे कलाकारही बऱ्याचदा तडजोड म्हणूनच पाहतात. मला ती वाद्यरचनेतली फार अवघड आणि फार मोलाची गोष्ट वाटते. मोठं वाद्य लहान करताना काय सोडायचं आणि काय कुठल्याही परिस्थितीत सोडायचं नाही, हे ठरवायला त्या वाद्याचा जीव कशात आहे ते आधी कळावं लागतं.

तसा सूर खांद्यावर घेऊन हिंडणं आपल्या भागाला नवं नाही. तुळजापूरच्या गोंधळ्याचं तुणतुणं घ्या. एक पोकळ नळकांडं, तळाला कातडं, बाजूला बसवलेली काठी, काठीच्या टोकाला एकच खुंटी आणि कातड्यातून वर गेलेली एकच तार. संबळाच्या जोडीनं ते रात्रभर वाजतं. गोंधळी उभा असतो, नाचतो, दिवटीभोवती फिरतो, आणि तुणतुणं त्याच्या काखेतून हलत नाही. हे वाद्य सूरही धरतं आणि लयही, कारण तारेवरचा प्रत्येक आघात ठेक्यात पडतो. कदमराई गोंधळी असोत की रेणुराई, अंगणात, मांडवात, भर गर्दीत टिकेल एवढंच वाद्य त्यांनी ठेवलं आणि बाकीचं गाळलं.

दुसरं उदाहरण सप्ताहातल्या विण्याचं. अखंड हरिनाम सप्ताहात विणा सात दिवस खाली ठेवायचा नाही. पहारे लागतात, एक विणेकरी दुसऱ्याच्या गळ्यात विणा घालतो, त्याच्या पाया पडतो आणि मग झोपायला जातो. तेरला गोरोबाकाकांच्या मंदिरात, गावोगावच्या मारुतीपुढे हे आजही चालतं. विण्यालाही भोपळा आहे, पण बेताचा. उभ्यानं, चालत, वारीच्या वाटेवर वागवता यावा असा.

मग रियाजालाही तुणतुणं किंवा विणा का नको? कारण ख्याल गाणाऱ्याला तारेकडून नुसता सा नको असतो. त्या सा-च्या पोटातून निघणारे बाकीचे स्वर त्याला ऐकायचे असतात, आणि ते स्वर तंबोऱ्यासारखे दुसरं वाद्य देत नाही. तंबोरा मोठा झाला तो एका जागी बसून, बंद दालनात, तासन्‌तास ऐकण्यासाठी. दरबार गेले, दालनं गेली. शिकणारी मुलगी आता दोन खोल्यांच्या घरात किंवा वसतिगृहात राहते. वाद्य मात्र त्याच मापाचं राहिलं.

धाराशिवहून मिरजेला जाणारा लोहमार्ग या सगळ्या गोष्टीला जोडणारा आहे. एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंग्रज इंजिनिअरची बार्शी लाइट रेल्वे १८९७ मध्ये सुरू झाली. रूळ अडीच फूट रुंदीचे. ती १९११ मध्ये लातूरला पोचली आणि १९२७ मध्ये पंढरपूरहून मिरजेला. आपल्या जिल्ह्यातल्या येडशी, तडवळ्यावरून ती जायची. धाराशिव शहर तिच्या वाटेवर नव्हतं. रुंदीकरणात मार्ग वळवला गेला तेव्हा कुठं शहराला रेल्वे मिळाली. आज लातूर, धाराशिव, बार्शी, कुर्डुवाडी, पंढरपूर, मिरज अशी ही एकच वाट आहे. तंबोऱ्याचा भोपळाही याच वाटेवर पिकतो.

मिरजेच्या कारागिरांकडे येणारे भोपळे मुख्यतः सोलापूर जिल्ह्यातले, पंढरपूर-मंगळवेढ्याच्या बाजूचे, भीमेच्या खोऱ्यातल्या शेतांतले असतात. हा कडू भोपळा, खायच्या कामाचा नाही. वेलावर पूर्ण पिकू द्यायचा, मग महिनोन्‌महिने वाळवायचा. साल जाड हवी, आकार एकसारखा हवा, कीड नको. कारागीर भोपळ्यावर बोटांनी टकटक करतो आणि कान देतो. मुक्ताबाईच्या सांगण्यावरून संतांच्या डोक्यावर थापटणं मारून कच्चं कोण, पक्कं कोण हे पाहणाऱ्या गोरोबाकाकांची गोष्ट तेरच्या माणसाला सांगावी लागत नाही. भोपळ्याची परीक्षा तशीच होते. पसंत पडलेला भोपळा पाण्यात भिजवून मऊ करतात, वरचा भाग कापतात, आतला गर आणि बिया काढतात, आणि तोंडाला हवा तो आकार देऊन पुन्हा सुकवतात. पाऊस वेळेवर पडला नाही, वेलाला रोग पडला, भोपळे लहान राहिले, की त्याची झळ मिरजेतल्या कारखान्यांना लागते. मोठ्या घेराचा चांगला भोपळा मिळणं हीच तंबोऱ्यातली पहिली अडचण आहे. प्रवासी तंबोऱ्यामागे हेही एक कारण आहे, नुसती प्रवासाची सोय नाही.

मिरजेत हा धंदा एकोणिसाव्या शतकाच्या मध्याच्या सुमारास उभा राहिला. फरीदसाहेब आणि त्यांचं घराणं मूळचे शिकलगार, म्हणजे तलवारी-भाल्यांना धार लावणारे, शस्त्रं दुरुस्त करणारे. संस्थानांची शस्त्रं निरुपयोगी होत चालली तशी या हातांनी सतार-तंबोऱ्याची दुरुस्ती आणि मग घडण हाती घेतली. पटवर्धन संस्थानिकांचा गाण्याला आश्रय होता, गवयी येत-जात होते, वाद्यं बिघडत होती. पुढं सतारमेकर हेच आडनाव झालं. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं.

अब्दुल करीम खाँसाहेबांचं मिरजेतलं वास्तव्य या वाद्याच्या इतिहासात फार महत्त्वाचं आहे. ते गवयी होते तितकेच तंबोऱ्याचे जाणकार. वाद्य स्वतः दुरुस्त करत, तारांचा नाद खुलवणारी जवारी स्वतः पाहत. सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल आणि ई. क्लेमंट्स यांनी श्रुतींच्या मोजमापाचं जे काम केलं त्यात खाँसाहेबांचा गळा आणि कान होता. देवलांचं बावीस श्रुतींवरचं पुस्तक १९१० सालचं. २७ ऑक्टोबर १९३७ रोजी मद्रासहून पाँडिचेरीकडे जाताना खाँसाहेबांना अस्वस्थ वाटू लागलं आणि ते सिंगपेरुमलकोइल या लहानशा स्टेशनवर उतरले. फलाटावर बिछाना घातला, तंबोरा लावायला सांगितला आणि दरबारीच्या सुरात नमाज म्हणत त्यांनी देह ठेवला, असं सांगतात. त्यांची कबर मिरजेत, मीरासाहेबांच्या दर्ग्यात आहे, आणि तिथं दरवर्षी गाणं होतं. त्या काळी गवयी पूर्ण आकाराचा तंबोरा घेऊन सबंध हिंदुस्थान रेल्वेनं फिरत. पण त्यांच्याबरोबर तो सांभाळायला शिष्य असायचे. आजच्या विद्यार्थ्याबरोबर कुणी नसतं.

आता वाद्याच्या आत डोकवायला हवं.

तंबोऱ्याच्या तारा तबलीवरच्या, म्हणजे पुढच्या लाकडी फळीवरच्या, घोडीवरून जातात. घोडी पूर्वी हस्तिदंताची किंवा सांबरशिंगाची असायची. १९७२ च्या वन्यजीव कायद्यानंतर ते थांबत गेलं आणि उंटाचं हाड, शिसवी-आबनुशी लाकूड, कृत्रिम पदार्थ आले. सतारीच्या आणि तंबोऱ्याच्या घोडीचं वैशिष्ट्य हे की तिला धार नसते. व्हायोलिनची तार पातळ कडेवर टेकते. तंबोऱ्याची तार रुंद, किंचित उतरत्या पाठीवर पहुडते. हा उतार डोळ्यांना जवळजवळ दिसत नाही. तार कंप पावते तेव्हा ती त्या पाठीला क्षणाक्षणाला चाटून जाते, तिची बोलती लांबी सतत किंचित कमी-जास्त होत राहते, आणि त्या घासण्यातून उंच उंच उपस्वर जागे होतात. हीच जवारी.

जवारी काढणारा कारागीर पाहावा. घोडीवरून तार बाजूला सरकवतो, बारीक कानशीनं दोन-तीन हात मारतो, बोट फिरवतो, तार परत जागेवर आणतो, छेडतो, मान वाकडी करून ऐकतो. मान हलते ती नकारार्थी. पुन्हा तार बाजूला, पुन्हा कानस, आता आणखी हलकी. शेवटी कापसाचा एक दोरा तार आणि घोडीच्या मध्ये घालतो आणि पुढं-मागं सरकवत नेतो. एका जागी तार अडखळत बोलते, केसभर पुढं सरकवला की सगळी खोली भरून येते, आणखी केसभर सरकवला की बंद होते. खुली, गोल, बंद असे जवारीचे प्रकार गवयी सांगतात आणि आपल्या गळ्याला मानवेल ती मागतात. मोजपट्टीवर हे काम होत नाही.

चंद्रशेखर वेंकट रामन यांनी १९२१ मध्ये भारतीय तंतुवाद्यांवर एक लेख लिहिला. तार जिथं छेडली तिथं ज्या उपस्वराचा निस्पंद बिंदू असेल तो उपस्वर वाजूच नये, असा यंग आणि हेल्महोल्ट्झ यांचा नियम. रामन यांनी तंबोऱ्यावर आणि वीणेवर हे तपासलं, तेव्हा न वाजायला हवा होता तो उपस्वर ठणठणीत वाजत होता. कारण त्यांनी नेमकं घोडीत दाखवलं. नोबेल मिळण्याच्या नऊ वर्षं आधीचं हे काम, आणि प्रवासी तंबोरा करू पाहणाऱ्याला त्याच्याइतका आधार दुसरा नाही. तंबोऱ्याचं तंबोरेपण घोडीत आहे. भोपळा त्या आवाजाला मोठा करतो, भरीव करतो, रंग देतो. पण उगम घोडीवर आहे.

याचा कानाला मिळणारा पुरावा म्हणजे स्वयंभू गंधार. काळी एकचा तंबोरा पंचम, सा, सा, खर्ज असा लावला, तर गंधाराची एकही तार त्यात नसते. तरी नीट लागलेल्या तंबोऱ्यातून गंधार ऐकू येतो. खर्जाची तार सेकंदाला साधारण ६९ कंपनं करते. तिचा पाचवा उपस्वर ३४६ च्या आसपास पडतो, आणि वरच्या सा-शी त्याचं नातं पाचास चार असं शुद्ध असतं. पेटीवरचा गंधार याच्यापेक्षा अर्ध्या सुराच्या सातव्या हिश्श्याएवढा चढा असतो. फरक बारीक आहे, पण भूप किंवा यमन शिकणाऱ्या मुलीचा कान रोज कोणत्या गंधारावर बसतो याचा तिच्या सगळ्या गाण्यावर परिणाम होतो.

सरावासाठी मोठ्या वाद्याची लहान आवृत्ती करण्याची गरज जगभर पडत आली आहे. अठराव्या शतकातल्या जर्मन ऑर्गनवादकाला चर्चमधल्या ऑर्गनवर सराव करायचा तर भाता मारायला माणूस लागायचा आणि हिवाळ्यात चर्च गारठलेलं असायचं. त्यानं घरी पायपट्ट्यांसह क्लॅव्हिकॉर्ड ठेवला: आवाज अगदी मंद, पण हात आणि पाय दोन्हींना काम. ऑर्गनचा भव्य नाद त्यानं सोडला, हातापायांचा मेळ ठेवला. कारण सराव त्याचाच करायचा होता.

आपल्याकडचं उदाहरण पेटीचं. पायानं भाता मारायची युरोपीय पेटी कलकत्त्याच्या द्वारकानाथ घोष यांनी १८७५ च्या सुमारास जमिनीवर बसून वाजवता येईल अशी केली. भाता मागं गेला, एक हात भात्यावर आला आणि वाजवायला एकच हात उरला. युरोपीय संगीताला हे चाललं नसतं, तिथं दोन्ही हातांना वेगळं काम असतं. आपल्या गाण्यात एका वेळी एकच स्वर चालतो, त्यामुळे जे गेलं त्याची उणीव भासली नाही. संगीत नाटकांत पायपेटी आणि ऑर्गन टिकले, कारण तिथं वाद्य एका जागी राहायचं आणि आवाज शेवटच्या रांगेपर्यंत पोचवायचा होता. भजनी मंडळांनी मात्र हातपेटी उचलली आणि गावोगाव नेली.

प्रवासी तंबोऱ्याचं काम याहून अवघड आहे, कारण तारेची लांबी कमी केली की सगळं गणित बिघडतं.

समजा पूर्ण तंबोऱ्याची बोलती तार मीटरभर आहे आणि ती दोन-तृतीयांशावर आणायची आहे. तीच तार, तोच सूर हवा असेल तर ताण नऊ भागांपैकी चार भागांवर येतो, म्हणजे निम्म्याहूनही कमी. तार सैल पडते, छेडली की जास्त झुलते, घोडीवर आपटते, जवारी फरफरते. ताण पहिल्याइतका ठेवायचा तर तार दीडपट जाड घ्यावी लागते. जाड, आखूड तार मात्र सळईसारखी ताठ होते आणि तिचे उपस्वर आपल्या जागेवरून वर सरकू लागतात. ताण कायम ठेवून हिशेब केला तर हा सरकण्याचा दोष अकरापटींहून जास्त वाढतो, आणि तार जाड करूनही ताण थोडा कमी पडला तर त्याहून जास्त. म्हणजे ज्या गंधारासाठी एवढा खटाटोप, तोच चढा होऊन बसायचा.

यावर उपाय आहेत. खर्जासाठी नुसती जाड पितळी तार न घेता आत बारीक पोलादी तार आणि तिच्यावर गुंडाळलेली दुसरी तार घेतली की वजन वाढतं, ताठरपणा फारसा वाढत नाही. गिटारच्या जाड तारा अशाच असतात. मात्र गुंडाळलेल्या तारेची पाठ खडबडीत असते, घोडी लवकर घासली जाते, म्हणून घोडीवर टेकणारा भाग गुळगुळीत ठेवावा लागतो. दुसरा उपाय म्हणजे लांबी फार कमी न करणं. तीन फुटांचा तंबोरा बायकांच्या पट्टीला, काळी चार-पांढरी पाचला, चांगला बोलतो, कारण तिथं मुळातच तार आखूड लागते. काळी एकला गाणाऱ्या पुरुषानं तीन फुटी वाद्य घेतलं की खर्ज भुसभुशीत होतो. माझं मत असं की पुरुषाच्या पट्टीसाठी साडेतीन फुटांच्या खाली जाऊच नये. सहा इंच जास्त वागवणं परवडतं. खर्जाशिवाय रियाज परवडत नाही.

भोपळा काढल्यानं नेमकं काय जातं? वाटतं तितकं नाही. ६९ कंपनांच्या ध्वनीची हवेतली लांबी पाच मीटरच्या आसपास असते. एवढ्या लांबीची लाट फेकायला सव्वा-दीड फूट व्यासाचा भोपळाही तोकडाच आहे. मोठ्या तंबोऱ्याचा खर्ज आपण ऐकतो तो बऱ्याच अंशी त्याच्या उपस्वरांवरून. दुप्पट, तिप्पट, चौपट कंपनांचे स्वर एकत्र कानावर आले की मूळ स्वर मेंदू स्वतःच भरून घेतो. म्हणून जवारी उत्तम असेल तर तीन-चार इंच खोलीच्या चपट्या पेटीतूनही खर्ज ऐकू येतो. जे खरोखर जातं ते म्हणजे आवाजाचा घेर, आणि छेडल्यानंतर नाद खोलीत भरून राहण्याचा तो काळ. मैफलीत याची उणीव जाणवते. एकट्यानं बसून गाणाऱ्याला, वाद्य मांडीशी असताना, ती सोसवते.

तबलीच्या लाकडाबाबत मात्र तडजोड नको. मिरजेत तूणाचं लाकूड वापरतात, हलकं आणि जुनं मुरलेलं. प्रवासी वाद्य स्वस्तात द्यायचं म्हणून प्लायवूडची तबली बसवली तर जवारी कितीही काढली तरी आवाज पत्र्याच्या डब्यासारखा येतो. खुंट्यांचं उलट आहे. लाकडी खुंटी मराठवाड्याच्या उन्हाळ्यात आटते आणि घसरते, पावसाळ्यात फुगून बसते. खडूची पूड लावून ती वळवायला मनगट लागतं. लहान वाद्याला गिटारसारख्या दातेरी चाकांच्या खुंट्या बसवल्या तर नादाचं काही बिघडत नाही आणि बारा वर्षांच्या मुलीलाही तार लावता येते. मणी मात्र ठेवायलाच हवेत. घोडीच्या मागे, तारेत ओवलेला मणी केसभर खाली-वर करून सूर जुळवणं हा कानाचा शेवटचा आणि सर्वांत बारीक धडा आहे.

बैठकीचाही विचार करावा लागतो. मोठा तंबोरा उभा धरतात, दांडी कानाजवळ येते, मधलं बोट पंचमावर आणि तर्जनी उरलेल्या तिन्ही तारांवर. चपटा तंबोरा मांडीवर किंवा पुढ्यात आडवा पडतो. गाणारी मान खाली घालून त्याच्याकडे पाहू लागते आणि गळा दबतो. पेटीच्या खालच्या कडेला एक लहान पाय किंवा सपाट बूड दिलं तर हेच वाद्य मांडीला टेकवून उभं धरता येतं. इतकी साधी गोष्ट, पण बाजारातल्या बऱ्याच वाद्यांत ती नसते.

आता इलेक्ट्रॉनिक तानपुऱ्याच्या डबीबद्दल. बंगळूरचे इंजिनिअर आणि बासरीवादक जी. राज नारायण यांनी १९७० च्या दशकाच्या अखेरीस इलेक्ट्रॉनिक तानपुरा तयार केला आणि गाण्याची दुनिया बदलली. एकटी राहणारी गायिका, साथीला कुणी नसलेला शिक्षक, परदेशी गेलेली मराठी कुटुंबं, सगळ्यांना त्यानं हात दिला. मोबाइलमधले आजचे तानपुरे तर खऱ्या वाद्याच्या ध्वनिमुद्रणावर बेतलेले असतात आणि त्यांचा आवाज सुरेख असतो. धाराशिवसारख्या ठिकाणी गाणं शिकणं त्यांच्यामुळे सोपं झालं, हे मी मनापासून मान्य करतो.

पण त्यात सूर आयता मिळतो. पट्टी निवडली की झालं. तंबोरा लावताना काय घडतं ते पाहा: जोडाची, म्हणजे मधल्या दोन सा-च्या तारांतली, पहिली तार गळ्याला हवी तिथं आणायची, दुसरी तिच्याशी मिळवायची, दोन्हींत किंचित फरक असेल तर आवाज हेलकावतो, फरक कमी होत जाईल तसे हेलकावे लांबतात, आणि एका क्षणी थांबतात. मग खर्ज. मग पंचम, जो खर्जातून आपोआप ऐकू येणाऱ्या पंचमाशी ताडून पाहायचा. मग जवारीचे दोरे. पंधरा-वीस मिनिटं जातात. या वेळात मुलगी एकही स्वर गात नाही, आणि गाण्याचं सगळ्यात महत्त्वाचं शिक्षण घेत असते. पूर्वी शिष्यांना गुरूच्या मागं तंबोऱ्यावर वर्षानुवर्षं बसवायचे, त्यात हेच होतं. सरावाच्या वाद्यानं सराव करायला लावला पाहिजे. ज्या वाद्यात सूर बिघडूच शकत नाही, त्यावर सूर लावायला कुणी शिकत नाही. म्हणून प्रवासी तंबोरा आणि मोबाइल यांची तुलना आवाजाच्या गोडीवरून करू नये. मोबाइल कदाचित जिंकेल. लाकडाच्या चपट्या पेटीला चार तारा आहेत आणि त्या उतरतात, ही तिची मोठी जमेची बाजू.

मग असं वाद्य जिल्ह्यातल्या क्लासेसमध्ये का दिसत नाही? एक तर ते दिसलेलंच नसतं. पालक तंबोरा म्हणून भोपळ्याचाच ओळखतात. पेटीसारखं काहीतरी पाहिलं की नकली वाटतं. दुसरं, मिरजेतही कारागीर ते मुख्य काम मानत नाहीत. सबंध भोपळ्याचा, नक्षीकामाचा तंबोरा हा घराण्याचा अभिमान, आणि ते योग्यच आहे. पण उत्तम हाताची जवारी मोठ्या वाद्याला आणि लहान वाद्याला नुसती कामचलाऊ, असं झालं की लहान वाद्य बदनाम होतं. खरं तर जिथं भोपळ्याचा आधार नाही तिथं घोडीवर जास्त मेहनत हवी.

तिसरं कारण मला सगळ्यात मोठं वाटतं. जवारी कायम राहत नाही. रोज वाजणाऱ्या तंबोऱ्याच्या घोडीत तारांच्या खाचा पडतात, नाद बसतो, आणि जवारी पुन्हा काढावी लागते. धाराशिव, तुळजापूर, उमरगा, कळंब, कुठंही हे काम करणारा हात मिळणं कठीण. म्हणून क्लासमधला मोठा तंबोरा वर्षानुवर्षं बंद जवारीचा राहतो, कारण तो भोपळ्यासकट मिरजेला न्यायचा आणि आणायचा धीर कुणाला होत नाही. चपटा तंबोरा मात्र संध्याकाळी गाडीत बसताना बर्थच्या कडेला उभा राहतो आणि सकाळी कारागिराच्या पुढ्यात असतो. चार-पाच क्लासेसनी मिळून वर्षातून एकदा सगळी वाद्यं एकाच फेरीत पाठवली, किंवा एखाद्या तरुणाला जवारीचं काम शिकायला मिरजेत काही महिने ठेवलं, तर कानशी, दोरे आणि दोन-चार सुट्या घोड्या एवढ्या सामानावर हा व्यवसाय धाराशिवात उभा राहू शकतो. संबळाची पानं आणि पखवाजाची शाई बदलून देणारे हात या भागात आहेतच. त्यांच्याच दुकानात हे काम बसेल.

पहिलं वाद्य मागवताना पट्टी, तारेची लांबी, तबलीचं लाकूड, मणी आणि उभं धरता येईल असं बूड, एवढ्या पाच गोष्टी कागदावर लिहून द्याव्यात. वाद्य तयार झालं की जवारी गाणारीच्या गळ्याला ऐकवूनच काढून घ्यावी. त्यासाठी मुलीनं स्वतः मिरजेला जावं, गुरुजींनी नव्हे.